चाकांवरची खोली

गवंड्यानं सकाळी सात विटा रचल्या आणि दहाच्या सुमाराला छावणीच्या साहेबानं त्या मोजल्या.

"सात," साहेब म्हणाला. "परवा इथं एकही नव्हती."

"परवा मी दुसऱ्याच्या घरावर होतो," गवंडी म्हणाला.

"चेष्टा नको. ही भिंत आहे."

"सात विटांची कुठं भिंत होते, साहेब? बसायला ओटा केलाय. म्हातारीला टेकायला."

"म्हातारी कोण?" पत्र्याच्या आडून गवंडीण ओरडली. "माझं नाव पुढं करू नका हं! साहेब, भिंतच आहे ती. सांगून करतोय आम्ही. चोरी नाही."

गवंड्यानं कपाळावर हात मारला. तीस वर्षांच्या संसारात या बाईनं एकदाही वेळेवर खोटं बोलून दिलं नव्हतं.

साहेब तसा वाईट माणूस नव्हता. उन्हातून पायी यायचा, दिलेलं पाणी प्यायचा. पण त्याच्या बगलेत एक पुस्तक असायचं आणि ते उघडलं की त्याचा आवाजच बदलायचा. त्यानं पान काढलं आणि वाचलं, "छावणी तात्पुरत्या स्वरूपाची असल्यानं रहिवाशांनी जमिनीस जखडलेलं कोणतंही बांधकाम करू नये. संध्याकाळपर्यंत काढून टाका."

"किती वर्षं तात्पुरती, साहेब?"

"ते यात नाही," साहेब म्हणाला, आणि पाणी पिऊन गेला.

आता ही तात्पुरती छावणी एकवीस वर्षांची होती. गावामागच्या डोंगराला तेव्हा एक भेग पडली होती. वरून मोजणीवाला आला, त्यानं भेगेत काठी घातली, वाकून बघितलं आणि सांगितलं, तीन महिन्यांत हा डोंगर खाली येणार. झालं! दोन दिवसांत सगळं गाव भांड्याकुंड्यांसकट गाड्यांत भरलं आणि दोन कोसांवरच्या मुरमाड माळावर आणून ओतलं. पत्र्याच्या खोल्या दिल्या. तीन महिने कळ काढा म्हणाले.

डोंगर काही आला नाही. मोजणीवाला मात्र दरवर्षी यायचा. काठी घालायचा, "बोटभर वाढलीय, पुढच्या साली नक्की," म्हणायचा आणि चहा पिऊन जायचा. लोकांनी परत जाऊ द्या म्हटलं, तर उत्तर मिळायचं, डोंगर धोक्याचा आहे. मग दुसरीकडे कायमची जागा द्या म्हटलं, तर उत्तर मिळायचं, कायमची जागा गाव नष्ट झालेल्यांना असते, तुमचं गाव तर उभं आहे. माळावरून ते दिसायचंही. रिकामी घरं, ढासळलेले कट्टे, आणि मागं तो ढिम्म डोंगर. एकेका म्हाताऱ्यानं तर मरताना त्याच्याकडे बोट दाखवून शिव्या दिल्या. पड म्हणाला, नाहीतर नीट उभा राहा, पण काहीतरी एक कर.

शेती मात्र तिकडेच होती. त्यासाठी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत आत जायची मुभा होती. दिवसा डोंगर आला तर माणूस पळेल, रात्री झोपेत सापडेल, असा त्यामागं विचार. गावाच्या शिवेवर एक आडवा बांबू टाकलेला होता आणि तिथं चौकीदार वही घेऊन बसायचा. सकाळी आत गेलेली डोकी आणि संध्याकाळी बाहेर आलेली डोकी जुळली की तो बांबू टाकून घरी जायचा.

तसं गवंड्याचं शेत गावातलं नव्हतंच म्हणायचं. ओढ्याच्या पलीकडे, उंचवट्यावर होतं. काळी, लोण्यासारखी माती. खुद्द मोजणीवाला एकदा तिथं कांदा खात बसून म्हणाला होता, "डोंगर सगळाच्या सगळा आला तरी इथं खडासुद्धा पोचायचा नाही."

"मग इथं राहू का?" गवंड्यानं लगेच विचारलं होतं.

"शिवेच्या आत आहे ना? मग नाही."

तर असा हा गवंडी. एकवीस वर्षं आसपासच्या गावांत दुसऱ्यांची घरं बांधत होता. माडीची घरं, गोठे, शाळा, पाण्याच्या टाक्या. आणि रोज संध्याकाळी येऊन पत्र्यात झोपत होता. त्याचं त्याला आताशा फारसं काही वाटायचं नाही. पण दोन उन्हाळ्यांपूर्वी त्याचं पहिलं नातवंड त्या पत्र्यात अकरा दिवस जगलं. बाहेर माळ तापलेला, आत पत्रा तापलेला, ओले कपडे टांगावेत तर घटकेत वाळून कडक. बाराव्या दिवशी सून बाळाला वारा घालत बसली होती आणि वारा घालायचं काही उरलेलं नाही हे गवंडिणीनं तिला हात धरून सांगितलं.

आता सुनेला पुन्हा आठवा लागला होता आणि उन्हाळा तोंडावर होता. सून काही बोलायची नाही. फक्त दुपारी पत्र्याला हात लावून बघायची आणि हात काढून घ्यायची. ते बघूनच गवंड्यानं सात विटा रचल्या होत्या.

संध्याकाळी त्या काढताना शेजारचा लोहार येऊन उकिडवा बसला. लोहाराची जीभ त्याच्या ऐरणीपेक्षा जास्त वाजायची, पण डोकं चालायचं.

"पुस्तकात नेमकं काय म्हटलंय?" त्यानं विचारलं.

"जमिनीस जखडलेलं बांधकाम नको."

"जखडलेलं." लोहारानं तो शब्द तोंडात घोळवला. "म्हणजे न जखडलेलं चालतं."

"विटांची खोली काय हवेत टांगू?"

"हवेत कशाला? चाकांवर."

गवंडी हसला. मग हसायचा थांबला. लोहार हसतच नव्हता.

"रस्त्याच्या वळणावर तो मोडका ट्रक पडलाय ना, दहा वर्षं झाली," लोहार म्हणाला. "टप गेला, इंजिन गेलं. पण सांगाडा आहे, दोन्ही आस चाकांसकट आहेत. मालक म्हणतो कुणीतरी उचला एकदाचा. आपण उचलू. तू वर बांध."

"वीट आहे ती. चाक फिरलं की तडकेल."

"मग तू गवंडी कशाला झालास?"

हे बोलणं गवंड्याला लागलं. रात्रभर तो कूस बदलत राहिला आणि सकाळी दोरी घेऊन ट्रकच्या सांगाड्याची मापं काढायला गेला.

पंधरा दिवस त्या दोघांनी आणि गवंड्याच्या मुलानं नुसता धुमाकूळ घातला. कामावरच्या उरल्यासुरल्या, तुटक्या विटा गवंडी रोज सायकलवरून आणायचा. लोहारानं सांगाड्यावर लोखंडी चौकट बसवली, चारही कोपऱ्यांना सळ्या उभ्या केल्या. गवंड्यानं चार इंची भिंत चढवली, दर चार थरांनी आडवी सळई घातली, म्हणजे हिसका बसला तरी भिंती एकमेकींना धरून राहतील. आतून बाहेरून मातीचा जाड गिलावा दिला. वर कौलं घातली. गवंडिणीनं फळ्यांवर माती अंथरून जमीन केली आणि सारवलीसुद्धा. सून दाराशी आली, आत गेली, भिंतीला तळहात लावला आणि तो तसाच ठेवून उभी राहिली.

"गार आहे," ती म्हणाली. गेल्या दोन वर्षांत तिनं आपण होऊन उच्चारलेला तो पहिला शब्द असावा.

साहेब आला तेव्हा खोलीभोवती सगळी छावणी जमली होती.

"हे काय आहे?"

"गाडी," गवंडी म्हणाला.

"हिला खिडकी आहे."

"गाडीला खिडकी असते, साहेब."

"कौलं आहेत!"

"पावसात भिजू नये म्हणून."

साहेबानं पुस्तक उघडलं. पुढं चाळलं, मागं चाळलं. मग खाली वाकून चाकं बघितली, टायर दाबून बघितले. "हलते का?" त्यानं हळूच विचारलं.

लोहारानं शिट्टी मारली. चाळीस माणसं भिंतीला भिडली. कुणी "दम धरा", कुणी "आता लावा" म्हणालं, आणि विटांची ती खोली कुरकुरत, कौलं खुळखुळवत, माळावर चांगली वीस हात पुढं गेली. आतून गवंडीण ओरडली, "अहो, चुलीवर दूध आहे!"

साहेबानं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "जखडलेली नाही हे मान्य. बांधकाम नाही हेही मान्य. पण मग हे वाहन आहे आणि वाहनाची नोंद लागते."

आठवड्यानं वाहनाच्या कचेरीतला माणूस आला. त्याला खोलीचं काडीचं कौतुक नव्हतं. त्यानं टेप लावून लांबी-रुंदी घेतली, मागं लाल दिवा नाही म्हणून नाक मुरडलं, भोंगा नाही म्हणून पुन्हा मुरडलं. लोहारानं मागच्या भिंतीला दोन लाल दिवे ठोकले आणि दाराशी रबरी भोंगा बांधला. माणसानं भोंगा दोनदा वाजवून खात्री केली. सुनेची झोप मोडली. मग त्यानं अर्ज भरायला घेतला.

"मालकाचा कायमचा पत्ता?"

"कायमचा नाही," गवंडी म्हणाला. "म्हणून तर ही गाडी."

"कायमच्या पत्त्याशिवाय नोंद होत नाही."

"मग शेताचा घाला. सातबारा आहे माझ्या नावावर. शेत कुठं जात नाही."

माणसानं घातला. दिवे, भोंगा, पत्ता सगळं रीतसर झालं, आणि पाटीवर आकडा आला. गवंडिणीनं ती पाटी ओल्या फडक्यानं पुसून भिंतीवर लावली. त्याच दिवशी सुनेचं अंथरूण नव्या खोलीत गेलं.

चारच दिवसांनी साहेब पुन्हा दारात. या वेळी त्याला पाणीही नको होतं. हातात कागद होता आणि तो देताना त्याची नजर खाली होती.

"वरून आलाय," तो म्हणाला. "मी लिहिलेला नाही, एवढं लक्षात ठेवा."

लोहारानं कागद मोठ्यानं वाचला. "सदर छावणी ही माणसांच्या तात्पुरत्या निवासासाठी असून वाहनांसाठी नाही. तरी वाहनमालकानं आपलं वाहन तीन दिवसांत छावणीच्या हद्दीबाहेर न्यावं व स्वतःच्या जागेत उभं करावं. अन्यथा जप्त करण्यात येईल."

गवंड्यानं खोलीकडे पाहिलं. पंधरा दिवसांचं काम, त्याच्या हातचं आजवरचं सगळ्यात नेटकं काम, आणि ते आता ओढून नेणार. सून आतून ऐकत होती. तिनं दार लावून घेतलं.

"परत वाचा हो," गवंडीण लोहाराला म्हणाली. "ते शेवटचं."

"अन्यथा जप्त..."

"त्याच्या आधीचं."

"स्वतःच्या जागेत उभं करावं."

"मग?" गवंडीण कमरेवर हात ठेवून साहेबाकडे वळली. "आमची स्वतःची जागा कुठाय, साहेब? गाडीच्या कागदावर शेताचाच पत्ता आहे ना?"

साहेबानं दूर डोंगराकडे पाहिलं, मग शेताच्या दिशेनं, मग पुस्तकाकडे. पुस्तक त्यानं उघडलं नाही. "शिवेच्या आत माणसानं राहायला मनाई आहे," तो सावकाश म्हणाला. "वाहनांबद्दल काही नाही. नांगर, बैलगाड्या, ट्रॅक्टर उभे असतातच की." आणि घाईघाईनं निघून गेला, जणू आपण काही बोललोच नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर लावला. मुलगा दिवस उगवताच शेतात गेला होता, रस्ता सारखा करतो म्हणून. सुनेला बाहेर काढून बैलगाडीतून मागाहून न्यायचं असं ठरलं होतं, पण ती उठेना. तिच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या, पहाटेपासूनच, आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"पत्र्यात न्याल मला परत," ती दात आवळून म्हणाली. "मी या भिंतीतून हलणार नाही."

"अगं, रस्ता खडबडीत आहे, पोरी!"

"मग हळू चालवा."

गवंडीण तिच्याजवळ आत बसली, दार ओढून घेतलं आणि खिडकीतून म्हणाली, "चला."

तशी ती वरात निघाली. पुढं ट्रॅक्टर, माणसाच्या चालीपेक्षाही हळू. मागं खोली, कौलं थरथरताहेत. दोन्ही बाजूंना लोहार आणि सात माणसं भिंतीला हात लावून, जशी काही नुसत्या हातांनी भिंत सावरली जाणार होती. गवंडी मात्र डाव्या मागच्या कोपऱ्याशी कान लावून चालत होता. आतून सुनेचं कण्हणं यायचं, गवंडिणीचं "सोस, सोस" यायचं, आणि खड्डा आला की गवंड्याच्या पोटात भिंतीच्या आधी तडा जायचा. वाटेवरच्या बायका थांबून बघत. एकीनं विचारलं, "काय नेताय?" लोहार म्हणाला, "बाळंतीण."

ओढ्याच्या उतारावर सून ओरडली. ट्रॅक्टर थांबला.

"थांबू नका!" आतून गवंडिणीचा आवाज. "उतारावर कोण थांबतं? चाक घसरेल! चला पुढं!"

ट्रॅक्टरवाल्यानं देवाचं नाव घेतलं आणि ओढा पार केला. चढ चढताना खोली मागं कलली, दोन कौलं सटकून फुटली, आणि वर पोचल्यावर एकदम सगळं शांत झालं. इंजिनसुद्धा बंद पडलं. त्या शांततेत आतून एक बारीक, चिरका, भलताच रागावलेला आवाज आला.

गवंड्यानं भिंतीवर डोकं टेकलं.

"मुलगी आहे," खिडकीतून गवंडीण म्हणाली. "धडधाकट आहे. आणि तुमची भिंत कोपऱ्यात केसभर तडकलीय."

"कुठल्या कोपऱ्यात?" गवंडी रडत रडतच म्हणाला.

शिवेवर चौकीदारानं बांबू वर केला आणि वही काढली. खोली त्यानं खालपासून वरपर्यंत न्याहाळली.

"एक वाहन," त्यानं लिहिलं. "माणसं किती?" चालणारी मोजली, ट्रॅक्टरवाला मोजला, सकाळी आत गेलेला मुलगाही धरला. "अकरा. आत काय आहे?"

"घरचंच सामान," लोहार म्हणाला.

नेमकं तेव्हाच सामान रडलं. चौकीदारानं लोहाराकडे पाहिलं. लोहारानं पुढं होऊन भोंगा वाजवला. चौकीदारानं मान हलवली, वही मिटली. त्याच्याही घरी लेकरं होती.

शेतात पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बांधावर मुलगा फावडं घेऊन उभा होता आणि त्याचे पाय गुडघ्यापर्यंत काळे होते. गवंड्यानं पुढं बघितलं आणि त्याचा जीवच गेला. उंचवट्यावरच्या ज्या वाफ्यात गाडी उभी करायची, तो सगळा वाफा पाण्यानं डबडबलेला! पोरानं सकाळपासून पाणी सोडलं होतं.

"अरे गाढवा! रस्ता सारखा करायला सांगितलं होतं!"

"मला आईनं सांगितलं," मुलगा म्हणाला.

गवंडीण खिडकीत होती. तिनं मान हलवून होय म्हटलं.

ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "घालू का?"

"घाला," गवंडीण म्हणाली.

ट्रॅक्टर पुढं कोरड्या बांधावरून गेला आणि खोली वाफ्यात उतरली. चाकं आधी दोन बोटं गेली, मग वीतभर, मग लोण्यात सुरी जावी तशी आसापर्यंत खाली गेली आणि चारही बाजूंनी सारखी बसली. गवंड्यानं सवयीनं ओळंबा लावून पाहिला. भिंत सरळ होती. दोर सोडून ट्रॅक्टर मोकळा झाला.

सूर्य मावळताना चौकीदार हाका मारत आला. अकरा गेले, अकरा बाहेर पाहिजेत. चिखलात बसलेली खोली बघून तो डोकं खाजवू लागला.

"रुतली," गवंडी म्हणाला. "काढायला गेलो तर भिंत फुटेल. आणि सोडून गेलो तर चोरी होईल. तुमच्याच अखत्यारीत आहे ना हे सगळं?"

चोरीचं नाव काढताच चौकीदारानं वही चाळली. बराच वेळ चाळली. शेवटी एका पानावर बोट ठेवून वाचलं, "नादुरुस्त वाहन दुरुस्त होईपर्यंत मालकानं त्याजवळ राखणदार ठेवावा." मग गवंड्याचं नाव राखणदार म्हणून लिहून घेतलं, मुलाचं मदतनीस म्हणून लिहून घेतलं. बाकीचे नऊ बाहेर काढले. आतल्या दोघी बायका आणि ती पोर वहीत आलेल्याच नव्हत्या, त्यामुळं त्यांना बाहेर काढायचा प्रश्नच आला नाही.

पाचव्या दिवशी साहेब आला. दुपार टळटळीत होती. गवंडिणीनं त्याला खोलीत बसवलं आणि पाणी दिलं. तो भिंतीला पाठ टेकून बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. कोपऱ्यात पाच दिवसांची पोर हातपाय झाडत होती.

"गाडी कधी काढणार?" साहेबानं अखेर विचारलं, कारण विचारणं भाग होतं.

"चिखल वाळला की," गवंडी म्हणाला.

साहेबानं खिडकीतून पाहिलं. मुलगा वाफ्यात पाणी सोडत होता. साहेबानं खिशातून पेन काढलं, पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाला, "वाहन रुतल्यामुळं तात्पुरतं उभं." सही केली. पोरीच्या मुठीत बोट दिलं, सोडवून घेतलं आणि पायवाटेला लागला. थोडं पुढं जाऊन वळला.

"त्या लोहाराला सांगा," तो ओरडला, "छावणीत आज सकाळी अडतीस अर्ज आलेत. सगळ्यांना चाकं पाहिजेत. ट्रक एवढे कुठून आणणार तो?"

"बैलगाडीची चाकं चालतील का?" गवंडीण ओरडली.

"बघतो पुस्तकात!"

तो ओढ्याआड गेला तेव्हा गवंडी उठला. बांधावरचे ताशीव दगड त्यानं आधीच निवडून ठेवले होते. वाफ्यात उतरून तो चाकाशी गुडघे टेकून बसला आणि टायरच्या चारी बाजूंनी दगड घालू लागला. एकवीस वर्षं दुसऱ्यांचे पाये भरणाऱ्या हाताला आज दगड कुठं बसायचा ते सांगावं लागत नव्हतं. एक बसला, दुसरा बसला. तिसरा जरा आडमुठा होता. त्यानं हातोडा उचलून दोन टोले दिले.

"मामंजी," आतून सून म्हणाली, "जरा हळू. आत्ता कुठं झोपलीये."

गवंड्यानं हातोडा गवतात ठेवला आणि दगड हातानंच दाबून बसवला.